खिशात मावणारा टचस्क्रीन प्लेअर (आयपॉड टच) आज रोजच्या कामाला कसा लावावा?

ओवी

घरात आयपॉड टच आहे. सातवी पिढी, ३२ जीबी, आयओएस १५, पाठीवर बारीक अक्षरांत ए२१७८. दोनेक वर्षं कपाटात पडून होता. चार्ज होतो, पडद्यावर ओरखडा नाही. तो तिघांच्या कामी यावा असं डोक्यात आहे:

१) माझ्या रियाजाला तानपुरा आणि तबला. माझी पट्टी काळी चार.
२) सासऱ्यांना रात्री झोपताना कीर्तन-प्रवचनं. एमपी३ फाइली आहेत, साधारण १८० तासांच्या. मध्येच थांबवलं तर दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरू व्हायला हवं. ते मोबाइल वापरत नाहीत.
३) नऊ वर्षांच्या मुलीला प्रवासात गोष्टी ऐकायला. इंटरनेट अजिबात नको.

संगणक विंडोजचा आहे. या तिन्ही गोष्टी एकाच यंत्रावर नीट जमतील का? बॅटरी गेली तर बदलून मिळते का? की यात वेळ घालवण्यापेक्षा दुसरं काही घेतलेलं बरं?

रानवाट

जमतील. तुमची तिन्ही कामं इंटरनेटशिवायची आहेत आणि हे यंत्र त्यातच सगळ्यात भरवशाचं आहे. आधी काय होणार नाही ते सांगतो, म्हणजे त्यात वेळ जाणार नाही. व्हॉट्सॲप चालत नाही. सिम नसल्यामुळे यूपीआय आणि बहुतेक बँकांची ॲप्स नाहीत. जीपीएस नाही, व्हायब्रेशन नाही, बोटाच्या ठशाने उघडणं नाही. वायफायवर फेसटाइम होतो, पण तुमच्या यादीत ते नाहीच.

ॲपलने हे मॉडेल मे २०१९ मध्ये आणलं आणि १० मे २०२२ ला आयपॉड बंद करत असल्याचं जाहीर केलं. सिस्टीम आयओएस १५ च्या पुढे जात नाही. त्यामुळे आज ॲप स्टोअरवर बरीच ॲप्स "आयओएस १६ किंवा पुढचं हवं" म्हणून अडवतात. त्यावर एक वाट आहे. घरातल्या नव्या आयफोन किंवा आयपॅडवर त्याच ॲपल आयडीने ते ॲप एकदा उतरवून घ्या. मग आयपॉडवर ॲप स्टोअर उघडून, वर उजवीकडच्या आपल्या चित्रावर टिचकी मारून "पर्चेस्ड" यादीत जा आणि तिथून उतरवा. जुन्या सिस्टीमला चालणारी आवृत्ती शिल्लक असेल तर "शेवटची सुसंगत आवृत्ती उतरवू का?" असं विचारतं. ॲप त्या आयडीवर आधी कधीच घेतलेलं नसेल तर बहुधा हा प्रश्न येतच नाही आणि लोक समजतात की ॲप मिळतच नाही.

सुरुवात अशी करा:

पूर्ण पुसून घ्या (सेटिंग्ज > जनरल > ट्रान्सफर ऑर रिसेट > इरेज). पुन्हा सुरू होताना वायफाय लागेल. ॲपल आयडी टाकताना सहा आकडी कोड नोंदवलेल्या मोबाइलवर येतो, तो जवळ ठेवा. १५.८ च्या मालिकेतलं मिळेल ते शेवटचं अपडेट घाला. हवी ती ॲप्स उतरवा. मग बॅकग्राउंड ॲप रिफ्रेश बंद, लोकेशन बंद, मेल खातं जोडूच नका, ॲप स्टोअरचं आपोआप अपडेट बंद. शेवटी विमान मोड. इतकं केलंत की नुसतं पडून असताना चार्ज फार कमी उतरतो. नव्या यंत्राला ॲपलने संगीतासाठी ४० तास आणि व्हिडिओसाठी ८ तास असा आकडा दिला होता. जुन्या बॅटरीत तेवढं मिळणार नाही, पण पडदा बंद ठेवून ऐकलं तर आठवडाभर रोज दोन-तीन तास निघणं अवघड नाही.

जागेचा हिशोब: १२८ केबीपीएसला (दर सेकंदाला किती माहिती साठवली त्याचं माप) तासाला साधारण ५८ एमबी, २५६ ला ११५ एमबी. तुमचे १८० तास सगळे १२८ चे धरले तरी साडेदहा जीबीच्या आत बसतात. सेटिंग्ज > जनरल > आयपॉड स्टोरेजमध्ये किती मोकळं आहे ते पाहा आणि त्यातले तीन-चार जीबी रिकामेच सोडा. काठोकाठ भरलं की सिंक (संगणकावरून फाइली भरणं) अर्ध्यावर अडकतं आणि ॲप्स उघडताच बंद पडू लागतात.

टाळचिपळ्या

प्रवचनांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण बहुतेकांचं इथेच बिनसतं.

फाइली सरळ म्युझिकमध्ये टाकल्या तर दोन अडचणी येतात. दीड तासाचं कीर्तन पन्नासाव्या मिनिटाला थांबवून दुसरं काही लावलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू. आणि शफल (उलटसुलट क्रमाने वाजवणं) चुकून चालू राहिलं तर नाट्यगीतानंतर एकदम हरिपाठाचं निरूपण. उपाय फाइलीतच करायचा, तोही आयपॉडवर टाकण्याआधी.

विंडोजवर आयट्यून्स हा ॲपलचा प्रोग्रॅम घाला. एकट्या आयट्यून्सवर भागतं. सोबत ॲपल म्युझिक आणि ॲपल डिव्हायसेस ही नवी ॲप्स घातलीत तर आयट्यून्सकडे फक्त पॉडकास्ट आणि ऑडिओबुक उरतात, सिंकचं काम दुसऱ्या ॲपकडे जातं आणि बटणं शोधण्यात संध्याकाळ जाते.

फाइली आयट्यून्समध्ये ओढा. एका मालिकेच्या सगळ्या एकदम निवडा, उजवी टिचकी, गेट इन्फो. डिटेल्समध्ये अल्बमच्या जागी मालिकेचं नाव आणि कलाकाराच्या जागी कीर्तनकारांचं नाव सगळ्यांना तंतोतंत एकच द्या. एका फाइलीत शेवटी चुकून एक मोकळी जागा पडली तरी ती वेगळं पुस्तक म्हणून दिसते. मग ऑप्शन्समध्ये मीडिया काइंड "ऑडिओबुक" करा. तिथेच "रिमेंबर प्लेबॅक पोझिशन" आणि "स्किप व्हेन शफलिंग" या खुणाही असतात, त्या लावा. ट्रॅक क्रमांक मात्र प्रत्येक फाइलीला वेगळा भरावा लागतो. तो न भरता फाइलींना नुसतं १, २, ३ असं नाव दिलंत तर १ नंतर १० येण्याची शक्यता असते. नावं ठेवायचीच तर ००१, ००२ अशी ठेवा.

सिंक झाल्यावर ही प्रवचनं म्युझिकमध्ये दिसणार नाहीत. ती बुक्स ॲपमध्ये जातात आणि हेच आपल्याला हवं आहे. बुक्स प्रत्येक पुस्तकाची जागा आपोआप लक्षात ठेवतं, पंधरा सेकंद मागे-पुढे करायची मोठी बटणं देतं, वेग कमी-जास्त करू देतं. घाईत बोलणारे प्रवचनकार ज्येष्ठांना पाऊणपट वेगाने जास्त नीट कळतात. झोपेसाठी टायमरही त्यातच आहे. तो सापडला नाही तर क्लॉक > टायमर > "व्हेन टायमर एंड्स" मध्ये अगदी तळाशी "स्टॉप प्लेइंग" आहे. तो कुठल्याही ॲपमधला आवाज थांबवतो.

फाइलींची नावं आयट्यून्समध्ये प्रश्नचिन्हं किंवा चौकोन दिसत असतील तर त्या जुन्या एन्कोडिंगच्या आहेत. एमपी३टॅग या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडून नाव देवनागरीत पुन्हा लिहा आणि आयडी३व्ही२.३, यूटीएफ-१६ या पद्धतीने साठवा. आयपॉडवर मराठी व्यवस्थित उमटतं.

एक सावधगिरी. हा आयपॉड पूर्वी दुसऱ्या संगणकाला जोडलेला असेल तर "इरेज अँड सिंक" विचारेल. हो म्हटलं की त्यावरचं जुनं संगीत जातं. तुम्ही आधीच पुसून घेणार आहात, तेव्हा तुम्हाला भीती नाही. पण ज्यांच्या आयपॉडवर एकुलती एक प्रत आहे त्यांनी इथे थांबावं.

खर्ज

रियाजासाठी हे यंत्र मोबाइलपेक्षा सरस आहे, कारण मध्येच फोन येत नाही आणि तानपुरा तुटत नाही.

तानपुऱ्याच्या आणि तबल्याच्या ॲप्सना किमान कोणतं आयओएस लागतं ते त्यांच्या पानावर पाहून घ्या. आयतबला प्रो हे त्यातलं जाणकारांच्या वापरातलं ॲप. ॲप मिळालं नाही तरी अडत नाही. चांगल्या तानपुऱ्याचं काळी चारचं ध्वनिमुद्रण घ्या, किंवा घरचा जुळवलेला तानपुरा स्वतः मुद्रित करा, आणि एक तासाची सलग फाइल बनवा. १२८ केबीपीएसला ५८ एमबी. पाच मिनिटांची फाइल रिपीटवर लावू नका. दर पाच मिनिटांनी जोडावर बारीक खंड पडतो आणि षड्जावर स्थिर होऊ पाहणारा कान तिथेच हलतो. तानपुऱ्याची पहिली तार ज्या सुराला लावली त्याप्रमाणे फाइली तीन करा: पंचमाची, मध्यमाची, निषादाची. मालकंसाला पंचम चालणार नाही, मारवा-पूरियाला निषाद लागेल. तीन फाइली मिळून पावणेदोनशे एमबीच होतात.

आयपॉडच्या स्वतःच्या स्पीकरवर तानपुरा लावू नका. काळी चारचा षड्ज साधारण २०८ हर्ट्झ आणि खर्जाची तार १०४ च्या आसपास. एवढासा स्पीकर १०४ हर्ट्झ देऊच शकत नाही. वरचे स्वर तेवढे खणखणतात, बूड नसलेला सूर ऐकू येतो आणि गळा नकळत चढा लागतो. या मॉडेलला ३.५ मिमी जॅक आहे, त्याचा उपयोग करा. साधी ऑक्स केबल, दुसऱ्या टोकाला पाच-सहा इंची शंकू असलेला कोणताही स्पीकर. आयपॉडचा आवाज तीन-चतुर्थांशावर ठेवून बाकी कमी-जास्त स्पीकरवर करा. चार्जिंग आणि ऑक्स एकाच वेळी लावून घरघर ऐकू आली तर चार्जर काढा. दोन्ही उपकरणं वेगवेगळ्या अडॅप्टरवर असताना हे होतं.

ब्लूटूथ स्पीकर तानपुऱ्याला चालतो. तबल्याची लय चालू असताना बदलायची असेल, सम पकडून सुरू करायचं असेल, तर मात्र बोट लावणं आणि आवाज येणं यातलं अंतर जाणवतं. तिथे वायरच बरी.

हार्मोनियमशी जुळत नाही अशी तक्रार हमखास येते. ॲप बहुधा ४४० हर्ट्झच्या मापाने चालतं, जुनी पेटी त्या मापाला असेलच असं नाही. पेटीचा सूर बदलत नाही, म्हणून ॲपचा सूर सेंटच्या (सुरातला बारीक फरक मोजायचं माप) पट्टीने हळूहळू सरकवा, दोन्ही सूर एकत्र वाजवताना येणारी लहर थांबेपर्यंत. तो आकडा कागदावर लिहून ठेवा.

स्वतःचं गाणं मुद्रित करायला व्हॉइस मेमोज आहे. पण ते सुरू केलं की आयपॉडवरचा तानपुरा थांबतो. म्हणून तानपुरा आयपॉडवर आणि मुद्रण मोबाइलवर, किंवा उलट. मुद्रणाला आयपॉडच वापरलात तर ध्यानात ठेवा की माइक पाठीवर आहे, कॅमेऱ्याशेजारचं बारीक छिद्र. जाड कव्हराने ते झाकलं की आवाज कोंडल्यासारखा येतो. यंत्र पेटीवर ठेवू नका, भात्याचे धक्के मुद्रित होतात. हातभर अंतरावर उशीला टेकवून, पाठ आपल्याकडे. बाहेरचा कॉलर-माइक जॅकला लावायचा असेल तर पिनवर तीन काळ्या रेघांचा, म्हणजे चार भागांचा लागतो. दोन रेघांचा कॅमेऱ्याचा माइक इथे चालत नाही.

सोल्डरगन

बॅटरीबद्दल.

सहाव्या आणि सातव्या पिढीत १०४३ एमएएचची बॅटरी आहे. अडचण ही की ती बोर्डाला सोल्डर केलेली आहे. मोबाइलसारखा खटकन निघणारा कनेक्टर नाही. वर पडदा चिकटवलेला. म्हणजे पडदा गरम करून उचलायचा, बोर्ड मोकळा करायचा, जुन्या बॅटरीचे सोल्डरचे डाग (जोड) सोडवायचे, नवीचे लावायचे, आणि हे सगळं लिथियमच्या पिशवीला आच न लागू देता. बॅटरी बदलता येते, पण कोपऱ्यावरच्या दुकानात होणारं हे काम नाही. दुरुस्तीवाल्याला एकच प्रश्न विचारा: याची बॅटरी कशी जोडलेली असते? "कनेक्टर काढला की झालं" असं उत्तर आलं तर यंत्र परत खिशात घाला. बाजारात मिळणाऱ्या बॅटऱ्या आता कंपनीच्या नसतात, त्यामुळे बसवल्यावर निदान दोन-तीन पूर्ण चार्ज स्वतः तपासा.

आयफोनसारखा "बॅटरी हेल्थ"चा टक्का इथे दिसत नाही. परीक्षा अशी: १०० टक्के करून विमान मोडवर, पडदा बंद, मध्यम आवाजात हेडफोनवर सलग वाजवा. १५ तासांच्या वर गेला तर पुष्कळ आयुष्य आहे. ३० टक्के दाखवत असताना एकदम बंद पडला तर बॅटरी थकली आहे. त्यातही चार्जरला लावून टेबलावरचा तानपुरा म्हणून तो चालेल, पण फुगवट्यावर नजर हवी. आडवा धरून कडेने बघा. पडदा एका बाजूने उचललेला दिसला, कडेतून उजेड झिरपला किंवा पडद्यावर पिवळट डाग आला, तर त्याच क्षणी चार्जिंग बंद. दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, टोचू नका. तसा ई-कचऱ्यात द्या.

चार्जर कोणताही चांगला पाच व्होल्टचा. मोठ्या वॅटचा लावल्याने बिघडत नाही आणि लवकरही भरत नाही, यंत्र हवा तेवढाच प्रवाह घेतं. फार दिवस पडून पूर्ण उतरलेला असेल तर चार्जरला लावल्यावर वीसेक मिनिटं पडदा काळाच राहू शकतो. तो मेला असं समजून उघडायला देऊ नका.

पुन्हा कधी कपाटात ठेवायचा झाला तर ५० टक्क्यांवर, बंद करून, आणि सहा महिन्यांनी पुन्हा ५० पर्यंत भरायचा. पूर्ण भरून ठेवणंही वाईट आणि रिकामा ठेवणं त्याहून वाईट. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर अजिबात सोडू नका. वापराची मर्यादा ३५ अंश आणि नुसतं ठेवण्याची ४५ अंश आहे. मे महिन्यात चंद्रपुरात सावलीतसुद्धा पारा त्यापलीकडे जातो, बंद गाडीचं तर बोलायलाच नको.

ओवी

सगळ्यांचे आभार, यातलं निम्मं मला शोधूनही सापडलं नसतं. दोन शंका उरल्या. एकाच यंत्रावर तिघांचं गुंतागुंतीचं होणार नाही का? सासरे चुकून मुलीच्या गोष्टींत जातील, ती माझ्या तानपुऱ्यात. आणि मुलीच्या गोष्टी माझ्या मोबाइलमध्ये आहेत, त्यासाठी दर वेळी संगणक उघडायलाच हवा का?

रानवाट

आयपॉडवर वेगवेगळी खाती करता येत नाहीत, पण वेगवेगळी ॲप्स तर आहेत. तिघांना तीन ॲप्स वाटून द्या. सासऱ्यांचं बुक्स, तुमचं म्युझिक (किंवा तानपुऱ्याचं ॲप), मुलीचं व्हीएलसी (फाइली वाजवणारं वेगळं ॲप). तिघांच्या याद्या वेगळ्या, थांबलेल्या जागा वेगळ्या. पहिल्या पानावर ही तीनच चिन्हं ठेवा, बाकी सगळं होम स्क्रीनवरून काढून ॲप लायब्ररीत जाऊ द्या.

आता कुलूप. सेटिंग्ज > ॲक्सेसिबिलिटी > गाइडेड ॲक्सेस चालू करा, पासकोड द्या. मग बुक्स उघडून होम बटण तीनदा दाबा. खाली "ऑप्शन्स" मध्ये वरचं बटण आणि आवाजाची बटणं दोन्ही चालू ठेवा. लोक हे विसरतात, मग रात्री पडदा बंद करता येत नाही की आवाज कमी करता येत नाही, आणि कुलूपच नको असं ठरतं. स्टार्ट दाबलं की यंत्र त्या एकाच ॲपमध्ये राहतं. होम दाबून बाहेर पडता येत नाही. बाहेर यायला पुन्हा तीनदा होम आणि पासकोड. गाइडेड ॲक्सेसच्याच सेटिंगमध्ये पडदा किती वेळाने आपोआप बंद व्हावा तेही ठरवता येतं, तीस सेकंद ठेवा.

ज्येष्ठांसाठी आणखी दोन गोष्टी. अक्षरं मोठी आणि ठळक करा (डिस्प्ले अँड टेक्स्ट साइज). चार इंची पडद्यावर मराठी जोडाक्षरं लहान आकारात वाचवत नाहीत. आणि जॅकला चालू-बंद बटण असलेले तारेचे इअरफोन द्या. मधलं बटण एकदा दाबलं की थांबतं, पुन्हा दाबलं की तिथूनच सुरू. अंधारात पडद्याला हात लावायची वेळच येत नाही.

मोबाइलवरून पाठवायला व्हीएलसीच पुरतं. आयपॉडचा विमान मोड तेवढ्यापुरता काढा आणि दोन्ही यंत्रं एकाच वायफायवर आणा. व्हीएलसी > नेटवर्क > "शेअरिंग व्हाया वायफाय" चालू केलं की खाली एक पत्ता दिसतो. तो मोबाइलच्या ब्राउझरमध्ये टाइप करा, पान उघडेल, अधिक चिन्हावर टिचकी मारून फाइली निवडा. पूर्ण जाईपर्यंत आयपॉडवर व्हीएलसी समोर आणि पडदा जागा हवा. पडदा झोपला की पाठवणं अर्ध्यात तुटतं आणि अर्धवट फाइल यादीत राहते. ती पुसून पुन्हा पाठवा. संगणकाची गरज नाही. फ्लॅक, एमकेव्ही असल्या फाइलीही व्हीएलसी वाजवतं, म्युझिक ॲप वाजवत नाही.

मुलीसाठी: स्क्रीन टाइममध्ये वेगळा पासकोड लावून सफारी आणि ॲप बसवणं बंद करा. सेटिंग्ज > साउंड्स > हेडफोन सेफ्टी मध्ये "रिड्यूस लाउड साउंड्स" चालू करून ८० डेसिबलच्या खाली मर्यादा ठेवा. लोकलच्या किंवा एसटीच्या आवाजात मुलं आवाज वाढवतच जातात, म्हणून प्रवासाला कानात घट्ट बसणारे रबरी बोंडांचे इअरफोन द्या. बाहेरचा गोंगाट कमी आत आला की आवाज वाढवावा लागत नाही.

नवीनजुने

ज्यांच्या घरात आयपॉड आहे त्यांच्यासाठी वरचं सगळं बरोबर. पण हे वाचून कोणी जुना आयपॉड विकत घ्यायला निघालं असेल तर थांबा.

त्याच पैशात किंवा कमीत २०१६ चा पहिला आयफोन एसई पाहा. तोच चार इंची पडदा, तोच ३.५ मिमी जॅक, सिस्टीमही आयओएस १५ पर्यंतच. पण बॅटरी १६२४ एमएएचची आणि कनेक्टरवाली, त्यामुळे बदलणं सोपं. बोटाचा ठसा, जीपीएस, व्हायब्रेशन सगळं आहे. सिम न घालता वापरा, आयपॉडच झाला. वजन ११३ ग्रॅम, आयपॉडचं ८८. शर्टाच्या खिशात हा फरक जाणवतो, पण बॅटरीपुढे तो गौण आहे. परदेशातून आलेला नग असेल तर तो एखाद्या कंपनीच्या सिमला बांधलेला नाही ना, हे आधी विचारा.

नवं आणि मुळात संगीतासाठीच हवं असेल तर सोनीचा एनडब्ल्यू-ए३०६ आहे. ३.६ इंची पडदा, अँड्रॉइड, मेमरी कार्डाची जागा, यूएसबी-सी, आणि कडेला खरीखुरी प्ले-पॉझची बटणं. कपडे वाळत घालताना, स्वयंपाकाच्या ओल्या हाताने चालवायचं असेल तर या बटणांचं मोल कळतं.

आयपॉडच घ्यायचा ठरला तर पाठीवरचा क्रमांक वाचा. ए२१७८ म्हणजे सातवी पिढी, ए१५७४ सहावी (आयओएस १२ पर्यंत), ए१४२१ आणि ए१५०९ पाचवी. पाचवी घेऊ नका. तिची सिस्टीम आयओएस ९ वर संपते. ३० सप्टेंबर २०२१ ला साइट खरी आहे हे ओळखायला लागणारं एक जुनं मूळ प्रमाणपत्र कालबाह्य झालं, त्याच्या जागी आलेलं नवं आयओएस ९ ओळखत नाही, म्हणून असंख्य साइट्स "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणून उघडतच नाहीत. गाणी भरून वाजवायला ती चालेल, बाकी कशाला नाही.

पैसे देण्याआधी विक्रेत्याच्या समोर यंत्र पूर्ण पुसून घ्या आणि वायफायवर सुरू करा. पडद्यावर आधीच्या मालकाचा ॲपल आयडी मागितला तर ते ॲक्टिव्हेशन लॉक आहे. मालकाने पासवर्ड टाकल्याशिवाय ते सुटत नाही. "घरी गेल्यावर काढून देतो" यावर व्यवहार करू नये. मग सेटिंग्ज > जनरल > अबाउट मध्ये जागा खरंच सांगितली तेवढी आहे का पाहा. तिथल्या मॉडेल क्रमांकाचं पहिलं अक्षर एम असेल तर मूळ नवा नग, एफ असेल तर कंपनीने दुरुस्त करून विकलेला, एन असेल तर बदलून दिलेला. सीलबंद खोक्यात एफ निघाला तर किंमत पुन्हा बोला.

ओवी

गाइडेड ॲक्सेस आणि बुक्स दोन्ही लागू केलं, जागेपासून पुढे सुरू होतंय. आता एकच: इअरफोनमध्ये आवाज फक्त डाव्या कानात येतो. दुसरे इअरफोन लावले तरी तसंच. पिन दाबून धरली की थोडा वेळ दोन्हीकडे येतो. जॅक गेला का?

सोल्डरगन

गेला असं अजून म्हणू नका. खिशातला लोकरीसारखा मळ जॅकच्या तळाशी दाबून बसतो आणि पिन पूर्ण आत जात नाही. आधी सेटिंग्ज > ॲक्सेसिबिलिटी > ऑडिओ/व्हिज्युअल मध्ये डावी-उजवीची सरकपट्टी मध्यावर आहे ना पाहा, ती चुकून सरकलेली असते. मध्यावर असेल तर यंत्र बंद करा, जॅकचं तोंड खाली करून धरा, लाकडी टूथपिकचं टोक किंचित बोथट करून भिंतीला न घासता तळापर्यंत न्या आणि हलकेच फिरवत बाहेर ओढा. राखाडी गोळी बाहेर येते. सुई, टाचणी, पिन नको, आतल्या पत्र्याच्या पट्ट्या वाकल्या की मग खरंच जॅक जातो. तोंडाने फुंकू नका, ओल आत जाते. मळ निघाल्यावर पिन "टक्" असा आवाज करत शेवटपर्यंत बसली पाहिजे.

तरीही दाबल्याशिवाय दोन्हीकडे येत नसेल तर पट्ट्या सैल झाल्या आहेत. जॅक बदलायला बॅटरीइतकंच उघडावं लागतं, ते करू नका. तुमच्या रियाजाला ब्लूटूथ स्पीकर आणि सासऱ्यांना लाइटनिंग-ते-३.५ मिमीचा लहान अडॅप्टर लावा. अडॅप्टर लावलेला असताना चार्जिंग होणार नाही, म्हणून दिवसा भरून ठेवायचा.